सवलतीचे ताट

आमच्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्राच्या घडीतून दर रविवारी दोनचार रंगीत कागद गळून पडतात. कोणी शिकवणीचे वर्ग काढलेले असतात, कोणी जमिनीचे तुकडे पाडलेले असतात, कोणी साड्यांचा सेल लावलेला असतो. हे कागद न वाचता बाजूस सारणे हे आमचे काम. आणि त्यांतील पाठकोरे कागद निवडून दुधाच्या हिशेबासाठी जपून ठेवणे हे आमच्या आत्याबाईंचे. हा कारभार बिनतक्रार चालला होता. दोन वर्षांपूर्वी मात्र एका रविवारी असा एक कागद त्यांनी हिशेबासाठी न ठेवता वाचण्यासाठी ठेवला, आणि त्या दिवसापासून जे घडले त्याची हकीकत वाचकांस सांगावी असे आमच्या मनात बरेच दिवस होते. ती आजपर्यंत सांगितली नाही याचे कारण एवढेच, की तीत आमचा मोठेपणा यत्किंचितही नाही.

प्रथम आत्याबाईंविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. त्या आमच्या वडिलांच्या धाकट्या भगिनी. त्यांचे सासर सांगलीस होते. लग्नास पुरती चार वर्षेही झाली नव्हती तोच कपाळ रिकामे झाले, आणि त्या साताऱ्यास माहेरी परत आल्या. तेव्हापासून आमच्या घरचे स्वयंपाकघर त्यांच्या हाती आहे. आम्हां भावंडांच्या मुंजी, लग्ने, बारशी, वडिलांची एकसष्टी, मुलांचे वाढदिवस, या साऱ्या पंक्ती त्यांच्या हातच्या वाढपावर उठल्या. मेतकूट आणि दिवाळीचा फराळ करून देऊन चार पैसे त्यांनी स्वतःचे असे गाठीस बांधले होते. त्या पैशांतून पंचाहत्तरी पुरी झाल्याच्या निमित्ताने सर्व घरास जेवण द्यावयाचे, तेही सांगलीस, असे त्यांनी ठरविले. "आयुष्यभर वाढलं रे बाळ," त्या आम्हांस म्हणाल्या, "एकदा माझ्या पैशानं तुम्ही सगळे जेवताय आणि मी बसून आहे, असं मला बघायचंय."

तो कागद नेमका त्याच सुमारास घडीतून पडला. एका भोजनगृहाचे ते पत्रक होते. साताऱ्यास एक व सांगलीस एक अशा त्याच्या दोन शाखा होत्या. पत्रकावर 'भोजनावर ५० टक्के सवलत' अशी बोटभर जाडीची मराठी अक्षरे, आणि खाली कात्रीने कापून घेण्याजोगी बारा कूपने. आत्याबाईंनी हिशेब केला. थाळी तीनशे रुपयांची. घरातील लहानमोठी माणसे अकरा. एकूण तीन हजार तीनशे. निम्मे माफ म्हणजे सोळाशे पन्नास. वर कर, वाढप्याची खुशाली, मुलांचे आइसक्रीम धरून दोन हजार पुष्कळ झाले. त्यांनी अकरा कूपने रेघेबरहुकूम कापली, आणि उरलेले बारावे व खालचा बारीक अक्षरांचा पट्टा घेऊन आमच्याकडे आल्या. "अरे, हे खाली मुंग्यांसारखं इंग्रजीत काय लिहिलंय, ते जरा वाचून सांग."

येथे आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दिवाणी कोर्टाच्या दप्तरखान्यात आमची तीस वर्षे गेली. गहाणखते, भाडेपट्टे, बक्षीसपत्रे, हमीपत्रे यांतील 'परंतु', 'मात्र' आणि 'वगळून' हे शब्द हुडकून काढणे यावरच आम्ही आजवर अन्न खाल्ले. वकील मंडळींची नजर चुकलेली अट आम्ही बोट ठेवून दाखविल्याचे प्रसंग आम्ही घरी अनेक वार सांगितले होते. बहुधा त्यामुळेच आत्याबाई आमच्याकडे आल्या. त्या वेळी आम्ही अग्रलेख वाचीत होतो. चष्मा वर न करताच आम्ही म्हणालो, "नेहमीचंच असतं ते. तू काळजी करू नकोस." त्या समाधानाने परत गेल्या.

रविवार धरून आम्ही सांगलीस गेलो. कारण अकरा माणसांची सुटी जमण्यास दुसरा वार नव्हता. सकाळच्या गाडीने निघालो. कृष्णेकाठच्या गणपतीचे दर्शन घेतले, आयर्विन पुलावर उभे राहून मुलांस नदी दाखविली. आत्याबाईंनी आपले सासरचे घर जेथे होते ती गल्ली लांबूनच दाखविली, आत मात्र गेल्या नाहीत. नंतर भोजनगृहात त्या मधल्या खुर्चीवर बसल्या. वाढपी आला की, "ह्यांना आणखी एक पुरी वाढा हो," असे ऐटीने सांगू लागल्या. आमच्या धाकट्या नातवाने श्रीखंड तीनदा घेतले, त्याचे त्यांस कोण कौतुक! त्यांना असे बसून जेवताना आम्ही प्रथमच पाहिले.

बिल आले. तीन हजार तीनशे, त्यावर पाच टक्के कर एकशे पासष्ट, एकूण तीन हजार चारशे पासष्ट. आत्याबाईंनी बटव्यातून कूपनांची चवड काढून त्यावर ठेवली. गल्ल्यावरचा तरुण चांगला नम्र होता. तो म्हणाला, "आजी, आज रविवार आहे. कूपन सोमवार ते गुरुवारच चालतं. शिवाय ते थाळीला नाही. आणि एका बिलाला एकच घेतो आम्ही."

"असं कुठं लिहिलंय?" आत्याबाईंनी विचारले. त्याने पत्रकाच्या तळाशी बोट ठेवले. त्या पट्ट्याकडे त्यांनी पाहिले, आणि मग आमच्याकडे. त्या तरुणाचा त्यांस राग आला नव्हता, आमचाही आला नव्हता. पण जी व्यक्ती पन्नास वर्षे घरातल्या कोणाच्या ताटात काय कमी पडले हे न सांगता ओळखीत आली, तिच्या त्या पाहण्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी रुमालातले दोन हजार रुपये मोजून ठेवले. उरलेले चौदाशे पासष्ट आम्ही भरले. परतीच्या गाडीत मुले गात होती. आत्याबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. कऱ्हाड आले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "यजमानीण मी होते. पाहुण्यानं बिल भरायचं नसतं. तुझे पैसे मी देईन." पुढच्या महिन्याच्या एक तारखेस आमच्या टेबलावर शंभराची एक नोट, पेपरवेटाखाली ठेवलेली आढळली.

त्या रात्री आम्ही तो पट्टा अखेर वाचला. वाचकांपैकी कित्येकांच्या घरी आजही असा कागद पडलेला असेल, म्हणून त्यातील कलमे थोडी फोड करून सांगतो. अर्धी सवलत देऊ केली होती खरी. पण कमाल सवलत दीडशे रुपये, आणि किमान बिल हजार रुपयांचे. आता वाचकांनीच पाटी घ्यावी. बिल तीनशेचे असेल तरच दीडशे म्हणजे निम्मे होतात; पण तीनशेच्या बिलास कूपन लागूच नाही. ते लागू होते हजारापासून, आणि हजारास दीडशे म्हणजे शेकडा पंधरा. बिल जसे वाढेल तसा हा शेकडा घटतच जाणार; आमच्या तीन हजार तीनशेवर तो जेमतेम साडेचार भरला असता. तात्पर्य, वर छापलेले पन्नास टक्के ह्या जगात कोणासही, कोणत्याही वारी, काहीही खाल्ले तरी मिळणे शक्य नव्हते. दोन्ही अटी वेगवेगळ्या वाचल्या तर निरुपद्रवी. शेजारी ठेवून वाचल्या की एक दुसरीचा गळा धरते. दस्तऐवज वाचताना आम्ही हेच तर तीस वर्षे करीत आलो होतो!

इतर कलमांचा अर्थही असाच शेजारधर्माने लावावा लागतो. 'एका टेबलास एक कूपन' म्हटले म्हणजे अकरा कूपने कापण्यात कात्रीचीच झीज. 'इतर सवलतींबरोबर नाही' म्हणजे ज्या पदार्थाची किंमत आधीच उतरविली आहे तो वगळून. थाळी बहुधा ह्याच सदरात जाते. 'मागणी देण्यापूर्वी कळवावे' हे कलम क्षुल्लक दिसते, परंतु बिल छापून झाल्यावर कूपन काढणाऱ्याची वाट तेच अडविते. 'एकावर एक मोफत' असेल तेथे मोफत मिळावयाचा तो दोहोंतील स्वस्त पदार्थ. एक तीनशे वीस रुपयांचा व दुसरा एकशे ऐंशीचा घेतला तर पाचशेत एकशे ऐंशी सुटले, म्हणजे शेकडा छत्तीस, पन्नास नव्हे. घरपोच जेवण मागविणाऱ्या मंडळींनी तर खालपर्यंत वाचावे. सवलत पदार्थांवर मिळते, आणि डबाबंदीचा, पोचविण्याचा व मध्यस्थाचा आकार तिच्या मागून हळूच आत येतो. कराची गोष्ट तेवढी गिऱ्हाइकाच्या बाजूची आहे. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे, बिलातच दाखविलेली सवलत वजा करून उरलेल्या रकमेवर कर आकारावयाचा असतो. सामान्य भोजनगृहांत तो १५ नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के आहे.

भोजनगृहवाल्यांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांची बाजूही सांगितली पाहिजे. मंगळवारी दुपारी निम्मी टेबले ओस असली तरी आचाऱ्याचा पगार, जागेचे भाडे आणि दिवाबत्ती चालूच असते. म्हणून त्या दिवशी चार माणसे कमी दराने आली तरी त्यास परवडते. रविवारी माणसे दाराबाहेर नंबर लावून उभी असताना त्याने सवलत कशासाठी द्यावी? अट घालणे हा त्याचा अपराध नव्हे. वचन बोटभर अक्षरांत आणि अट मुंगीएवढ्या अक्षरांत, वचन मराठीत आणि अट इंग्रजीत, हा अपराध आहे. आणि तो केवळ आमच्या मते आहे असे नव्हे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली, आणि त्याखाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी नियम निघाले. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की खुलासा ज्या भाषेत दावा केला असेल त्याच भाषेत असावा, त्याचा टाइपही दाव्याच्याच टाइपाप्रमाणे असावा, आणि मुख्य दावा खोटा पाडील असा खुलासा करू नये. त्याच वर्षी जुलैमध्ये, भोजनगृहांनी सेवा-आकार आपोआप बिलात लावू नये असेही सांगण्यात आले, आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते उचलून धरले. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. हे सर्व आम्ही नंतर वाचले. आधी वाचावयाचा होता तो फक्त एक पट्टा.

अन्नाच्या चिठ्ठीस अट असणे ही काही आजची गोष्ट नव्हे. 'कूपन' हा शब्दच मुळी कापणे ह्या अर्थाच्या फ्रेंच धातूवरून आला; रोख्याच्या कडेस व्याजाचे तुकडे छापलेले असत, ते मुदतीस कापून द्यावयाचे, यावरून. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कोका-कोलाच्या एका फुकट पेल्याच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, आणि कूपन व्याजाच्या प्रांतातून जिभेच्या प्रांतात शिरले. आपल्याकडे त्याहून जुनी पद्धत होती. आमचे आजोबा वार लावून जेवत शिकले. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे. वार चुकला तर त्या दिवशी उपास. ते कूपन कागदावर नव्हते, त्याची अट यजमानीणबाईंच्या आणि विद्यार्थ्याच्या तोंडी होती. पण ती दोघांसही सारखीच ठाऊक होती.

आम्ही स्वतः सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकत असता खानावळीत जेवत होतो. महिन्याचे पैसे आगाऊ भरावे, आणि कूपनांचे पुस्तक घ्यावे. तेथे भिंतीवर काळा फळा टांगलेला असे. त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेले: 'खाडा आदल्या दिवशी सांगावा. एक वेळचा खाडा धरला जाणार नाही. रविवारी रात्री बंद. पाहुण्याच्या ताटाचे पैसे रोख.' ह्या अटी काही सौम्य नव्हत्या. पोट बिघडून एक वेळ उपाशी राहिलो तरी त्या ताटाचे पैसे बुडत. तथापि महिनाभरात कोणास फसल्यासारखे वाटले नाही. कारण मालक ज्या खडूने 'आज बासुंदी' लिही, त्याच खडूने 'खाडा धरला जाणार नाही' हेही लिही.

सरकारनेही अन्न स्वस्त देण्याचे प्रयोग केले. १९९५ साली महाराष्ट्रात एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना निघाली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. तीत दोन चपात्या, एक वाटी भाजी, भात व वरण, दुपारच्या ठरीव वेळात आणि केंद्रास ठरवून दिलेल्या संख्येइतकीच ताटे, अशी मर्यादा घातली होती. थाळी संपली की संपली, हे आधी सांगितलेले असल्याने, हाती दहा रुपये घेऊन रांगेत उभ्या असणाऱ्या माणसास आपण किती देणार आणि काय मिळणार याचा पक्का हिशेब होता. ज्याच्या खिशात मोजकेच पैसे असतात त्यास सवलत किती यापेक्षा हा हिशेब पक्का असणे अधिक महत्त्वाचे. आत्याबाईंच्या रुमालातही मोजकेच पैसे होते, हे आम्ही त्या सकाळी अग्रलेख वाचताना विसरलो होतो.

शंभराची नोट दर महिन्याच्या एक तारखेस येत राहिली. पहिल्या वेळी आम्ही ती परत नेऊन दिली, तर दुसऱ्या दिवशी ती देव्हाऱ्यासमोर आमच्या नावाच्या चिठ्ठीत गुंडाळलेली मिळाली. सौभाग्यवतींनी आम्हांस बाजूस घेऊन सांगितले, "घ्या मुकाट्यानं. जेवण त्यांनी दिलं असं व्हायचं असेल, तर तुम्हांला हे घेतलंच पाहिजे." तेव्हा आमच्या ध्यानात आले की आम्ही औदार्य म्हणून जे करू पाहत होतो, त्याने त्यांची यजमानकी दुसऱ्यांदा हिरावून घेतली असती. आम्ही नोटा घेऊ लागलो. चौदा महिने शंभर-शंभर आणि पंधराव्या महिन्यात पासष्ट. हिशेब एका पैशाने चुकला नाही. ज्या दिवशी ते पासष्ट आले त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता सांगलीचं जेवण माझं झालं."

ह्या पंधरा महिन्यांत त्यांनी आणखी एक उद्योग आरंभिला होता. वर्तमानपत्रातून पडणारा प्रत्येक कूपनाचा कागद त्या नातवंडांस धरून वाचवून घेत, आणि एका वहीत पाच घरे आखून उतरून ठेवीत: वार कोणता, किमान किती, कमाल किती, काय वगळले, आधी सांगावयाचे की नंतर. इंग्रजी अक्षरे समजत नाहीत तेथे नातवास भिंगासकट बसवीत. "घरातला मोठा माणूस कामात असतो," एवढाच शेरा त्यांनी एकदा मारला.

गेल्या महिन्यात एका बुधवारी त्यांनी आम्हांस पोवई नाक्याकडे चलण्यास सांगितले. आम्ही दोघेच होतो. खुर्चीवर बसताच, मागणी देण्यापूर्वी, त्यांनी कूपन पुढे केले आणि वाढप्यास विचारले, "वीस टक्के, जास्तीत जास्त दोनशे, किमान पाचशेचं बिल, सोमवार ते गुरुवार, थाळी सोडून. बरोबर ना?" तो बिचारा आत जाऊन विचारून आला व हो म्हणाला. त्यांनी पदार्थही घरूनच निवडून आणले होते. जेवण झाले. बिल आले: सहाशे चाळीस, वजा एकशे अठ्ठावीस, बाकी पाचशे बारा, त्यावर कर पंचवीस रुपये साठ पैसे, पूर्णांकात पाचशे अडतीस. आत्याबाईंनी वही उघडून आमच्यापुढे धरली. आदल्या रात्रीच्या तारखेखाली पेन्सिलीने ५३८ लिहिलेले होते. त्यांनी मोजून पैसे ठेवले, वाढप्यास वर वीस रुपये दिले, आणि उठण्यापूर्वी आमच्या ताटाकडे पाहून म्हणाल्या, "पोळी अर्धी का टाकलीस?"

आम्ही ती खाल्ली. घरी आल्यावर त्या दिवसाच्या टपालात विम्याच्या नूतनीकरणाचा एक जाड लखोटा आला होता. मागील पानावर नेहमीचाच बारीक मजकूर. तो आम्ही नेहमीप्रमाणे टेबलाच्या खणात टाकणार होतो. तो टाकला नाही. आत्याबाईंचे भिंग मागून घेतले, आणि दिवा लावून पहिल्या ओळीपासून वाचावयास बसलो.